एकाच परातीतलं सोपं जेवण

॥ जोतिबाच्या नावानं चांगभलं ॥

कोरेगाव तालुका, जि. सातारा
सोमवार, २३ फेब्रुवारी १९७६

राजमान्य राजश्री सुभेदार आकारामरावसाहेब, मुक्काम सांगली, यांच्या सेवेशी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे लालासाहेबाचा, कडक सॅल्यूट. (डाव्या हातानं. उजवा बोटांपासून कोपरापर्यंत बांधलेला आहे, त्याचं कारण पुढे येईल.)

आधी इकडची खुशाली लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझी बहीण राहीबाई खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. म्हैस खुशाल आहे. तुझी भाची अंजना खुशाल आहे आणि हे पत्र तीच लिहिते आहे, मी ओट्यावर बसून नुसतं सांगतो आहे. (मधेमधे ती तोंडावर पदर धरून हसते आहे. अंजे, हे पण लिही.) आणि बोकड खुशाल आहे. आमच्या घरात सगळ्यांत जास्त खुशाल कुणी असेल तर बोकड. सकाळी उठून माझ्या कुंपणाची मेंदी खातो आणि माझ्याकडे बघतो. त्याचा जीव तुझ्यामुळे वाचला, तेव्हा निदान एक जनावर तरी तुला दुवा देतं, याचं समाधान मानून घे. तुझ्या टाचेचं दुखणं कसं आहे? कमी नसेल तर ऐकून मला मनापासून बरं वाटेल.

आता मुद्द्याचं. आपल्या अंजीसाठी नेमिनाथअण्णांनी स्थळ आणलं हे तुला ठाऊक आहेच. अण्णा म्हणजे तुमच्या सांगलीचे हळदीचे व्यापारी. माझी हळद इतकी वर्षं त्यांच्याच अडतीत जाते, आणि माणूस इतका सरळ की दोन्हीकडच्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा. मुलगा हिंदुराव, तासगावकडच्या नाथाजीरावांचा, फौजेत लेफ्टनंट. दिवाळीत अण्णांच्याच घरी मुलगी बघणं झालं, (तू तेव्हा पेन्शनच्या कामाला पुण्याला गेला होतास, आणि तिथंच राहिला असतास तर बरं झालं असतं) आणि त्यांना मुलगी पसंत पडली. आमच्या बाईसाहेबांनाही मुलगा पसंत पडला. (अंजे, हात का थांबला? लिही. लाजायचं ते पत्र झाल्यावर.) नाथाजीराव म्हणाले, ‘एकडाव घर बघून जातो, मग सुपारी फोडू.’ म्हणजे उरलं काय होतं? एक जेवण. पाहुणे यायचे, जेवायचे, ढेकर द्यायचे आणि माझ्या लेकीचं लग्न ठरायचं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, पण दारात पाहुणा आला तर त्याला रस्सा मिळाला. यंदा तर ऊस उभा आहे, गुऱ्हाळ चालू आहे, दारात बोकड बांधलेला. चुकायला जागाच नव्हती. मग तुझं पत्र आलं.

पत्राबरोबर एसटीच्या कंडक्टरच्या हाती सॉसेजचे चार डबे आले. सोबत सहा काटे आणि तुझी अक्कल. तू लिहिलंस, ‘दाजी, पोरगा ऑफिसर आहे, त्याच्यापुढे रस्सा-भाकरी ठेवून आपली गावंढळ म्हणून शोभा करून घेऊ नका. मी मेसमध्ये साहेबलोकांना दर रविवारी हे करून घालत होतो, साहेब बोटं चाटायचे. पसरट भांडं घ्या. बटाटे, गाजरं, कांदे, ढबू मिरची मोठी मोठी चिरून टाका. वर सॉसेज. तेल, मीठ, मिरपूड. कडक भट्टीत अर्धा तास, मधे एकदा हलवा, मग भांडं अलगद बाहेर काढा. एकाच भांड्यात सगळं जेवण. लय सोपं, लहान पोरसुद्धा करील.’ आकारामा, ‘सोपं’ हा शब्द ज्यानं काढला त्याला मी काही म्हणत नाही, पण तो तुझ्या हातात ज्यानं दिला तो मला एकदा भेटव.

पहिलं म्हणजे भांडं. ‘पसरट भांडं घ्या,’ असं लिहायला तुझं काय जातं! तुझ्या बहिणीच्या गळ्यात माळ आहे. तिच्या स्वयंपाकघरातली पळीसुद्धा वशाटाला लागलेली चालत नाही. आमच्याकडे मटण गडीमाणसांनी बाहेर अंगणात करायचं, त्याला एक काळं पातेलं, ते गोठ्याच्या वळचणीला उपडं असतं, आणि ते विहिरीसारखं खोल. पसरट अशी घरात एकच वस्तू, तुझ्या वडिलांनी लग्नात दिलेली पितळी परात, कडेला त्यांचं नाव कोरलेली. ती मी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. राहीबाई पाहुण्यांसाठी पीठ आणायला गिरणीवर गेली आणि परात मागल्या दारानं बाहेर पडली. (हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे. म्हणून तर बोलत नाही.)

दुसरं, डबे. ते उघडायचं हत्यार तू धाडलं नाहीस. मेसमध्ये ते भिंतीला लटकत असेल. मी खुरपं आणि दगड घेऊन बसलो. आत काय, तर लागणीला उसाच्या टिपऱ्या तोडून ठेवाव्यात तशी एकासारखी एक कांडकी, आणि तीही मऊ. गुऱ्हाळावरचे चार गडी बघायला गोळा झाले. एकानं विचारलं, ‘मालक, ह्ये कुटल्या अंगाचं मटान वो?’ आता काय सांगू? तू लिहिलंस बकऱ्याचं आहे. मी चाळीस वर्षं बकरी कापलेली बघतोय, त्यात असा सरळ अवयव मला आढळला नाही. तीन डबे फोडले. चौथा कुठे गेला देव जाणे. माझा संशय नाथाजीरावांचे थोरले बंधू नानासो यांच्यावर आहे, त्यांच्या कोटाचे खिसे मोठे होते.

तिसरं, भट्टी. पाव भाजायची भट्टी कोरेगावात, तिथं परात घेऊन एसटीनं गेलो असतो तर तालुकाभर झालं असतं. मग मला सुचलं की घरामागं गुऱ्हाळाचं चुलाण आहे, त्याच्याइतकी कडक भट्टी लष्कराच्या बापाकडे नसेल. पण आमचा गुळव्या सिद्धू आडवा आला. म्हणाला, ‘रसाच्या काहिलीखालच्या जाळात वशाट? गूळ बसला न्हाई तर मला सांगू नगा, मालक.’ शेवटची काहील उतरेपर्यंत थांबणं आलं. इकडे पाहुण्यांची जीप दारात आलीसुद्धा. चहा झाला, सुपारी कातरून झाली, गोठा दाखवून झाला, विहीर दाखवून झाली, विहीर पुन्हा एकदा दाखवून झाली. दिवस कलला तसे अण्णा ओसरीच्या टोकाला बसले आणि घरून पद्मावतीवहिनींनी बांधून दिलेला डबा त्यांनी सोडला. ते जैन, त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. वास अंगणभर गेला. बाकीची माणसं विहिरीकडे बघायचं सोडून अण्णांच्या डब्याकडे बघू लागली, आणि अण्णा भला माणूस, मान खाली घालून जितकं हळू जेवता येईल तितकं जेवत होते. त्या दिवशी आमच्या घरी वेळेवर आणि पोटभर जेवलेला माणूस तो एकटा.

काहील उतरली. मी सिद्धूला विचारलं, ‘चुलाण कडक हाय का?’ तो म्हणाला, ‘लोखंड इतळंल.’ आणि मला वाटलं, चला, चांगलं झालं. परात आत सारली. तू लिहिलंस मधे एकदा हलवा. कशानं? चुलाणाच्या तोंडापाशी उभं राहिलं तर मिशा जळतात. शेवटी लांब दांड्याच्या दंताळ्यानं हलवलं. निम्मे बटाटे राखेत गेले, तिथली राख परातीत आली. तेवढ्यात तुझी कांडकी फुटायला लागली. फाट, फाट, फाट! ओसरीवरून नानासोंनी विचारलं, ‘कुणाची वरात आलीया का वो?’ गाजरं कोळशासारखी झाली, बटाटे वरून काळे आणि आत कच्चे, आणि ढबू मिरची आत गेली होती याला आता माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही. आणि मग तुझं ते ‘अलगद बाहेर काढा.’ सिद्धूनं फावड्यानं परात ओढली, ती तोंडाशी येऊन कलंडायला लागली, आणि मला दिसलं की आता माझ्या लेकीचं जेवण राखेत चाललंय. मी हात घातला. आकारामा, मी विचार केला नाही. तापलेली पितळी परात मी हातानं धरली आणि सरळ करून खाली ठेवली, आणि ओरडलोसुद्धा नाही, कारण ओसरीवर पाहुणे होते. (अंजे, रडू नको, शाई पसरते.)

पण जळण्याबिळण्याचं काही नाही. खरी मजा पुढे. अंगणात पंगत बसली. ताटात भाकऱ्या पडल्या. आता आपल्याकडचा माणूस वशाटाच्या पंगतीला बसला की काय करतो? तुला फौजेनं विसरायला लावलं असेल म्हणून सांगतो. तो भाकरी चुरतो. कुणी सांगावं लागत नाही. दोन दोन भाकऱ्या कुस्करून, मधे आळं करून, माणसं हात आवरून बसली. मी आणि सिद्धू परात घेऊन निघालो. प्रत्येकाच्या आळ्यात दोन कांडकी, तीन बटाटे, कांद्याची एक करपलेली पाकळी. वाढून झालं. कुणी जेवेना. मी म्हणालो, ‘घ्या की.’ नाथाजीराव म्हणाले, ‘घेतो की. येऊं द्या.’ मी म्हणालो, ‘काय येऊं द्या?’ ते म्हणाले, ‘रस्सा.’

मी म्हणालो, ‘ह्याच्यात रस्सा नसतो.’

 नानासोंनी कोरड्या चुऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तू धाडलेला काटा उचलून निवांत दात कोरायला लागले. आतून मुलाच्या आई मनुबाईंचा आवाज आला, ‘उतू गेला का काय वो रस्सा?’ जेवत होता एकटा हिंदुराव. ताठ बसून, काट्यानं कांडकं दाबून. पहिला तुकडा तोंडात घातला आणि तो थांबला. परातीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग परेडला उभं असल्यासारखा चेहरा करून सगळं गिळलं. मला वाटलं, चला, ज्याच्यासाठी केलं त्याला तरी आवडलं.

तेवढ्यात अंजी बाहेर आली. कुणाला विचारलं नाही, पुसलं नाही. सिद्धूच्या हातातली परात घेतली, वळचणीचं काळं पातेलं चुलीवर चढवलं, त्यात परात उलटी केली, वरून मूठभर येसूर मसाला, दोन पळ्या कांदा-लसणाची चटणी आणि हातपाय धुवायला तापवलेलं सगळं आधण. उकळी फुटली तशी तांब्या घेऊन पंगतीत शिरली आणि ज्याच्या त्याच्या आळ्यात ओतत गेली. लाल, तिखट, झणझणीत. कांडकी त्यात पोहत होती, कुणी विचारलंसुद्धा नाही कुठल्या अंगाची. नाथाजीराव भुरके मारायला लागले. नानासोंनी काटा टाकला. हिंदुरावानं ताट पुढे केलं, पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं. तुझ्या मेसच्या जेवणाची जेवढी अब्रू राहिली ती एका मॅट्रिक झालेल्या पोरीनं राखली, हे ध्यानात ठेव.

तरीसुद्धा तुझी करणी नडलीच. जाताना हिंदुरावानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मामा, ते परातीतलं जेवण कुणी सुचवलं होतं?’ मी तुझं नाव सांगितलं, पद सांगितलं, कुठल्या मेसला होतास तेही सांगितलं. त्याचा चेहरा असा काही झाला की मला कळेना हा हसतोय की त्याला कळ आलीय. जीपमध्ये जाऊन बसला. नाथाजीराव एवढंच म्हणाले, ‘कळवतो.’ आकारामा, ‘कळवतो’ म्हणजे काय हे मुलीच्या बापाला विचार. आठवडा उलटून गेला. रोज मी एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभा राहतो आणि कुणी विचारलं तर सांगतो, हवा खायला आलोय. अंजी मला दाखवत नाही, पण रोज संध्याकाळी ती त्या परातीला राख लावून घासत बसते आणि रस्त्याकडे बघते. माझी लेक लाखात एक आहे, तिचं लग्न मोडलं तर ते हुंड्यानं नाही, पत्रिकेनं नाही, गाजरानं मोडलं म्हणून लिहावं लागेल. ते मी तुझ्या नावावर लिहीन आणि मरेपर्यंत पुसणार नाही.

तुझ्या घरच्या लहानांना आशीर्वाद, तुझ्या बायकोला माझी सहानुभूती, आणि तुला काही नाही.

तुझा दाजी
लालासाहेब

ता. क. परातीची कल्हई उडाली, बूड बाहेर आलंय, आणि तुझ्या वडिलांचं नाव काजळीखाली गेलंय. राहीबाई म्हणते (मला नाही, म्हशीला म्हणते) की तशीच पितळी परात माहेराहून आल्याशिवाय ती माझ्या ताटात भाकरी वाढणार नाही. तेव्हा परात घेऊन ये. स्वतः ये. आणि आलाच आहेस तर सरळ नाथाजीरावांकडे जा, त्यांच्या पाया पड, आणि सांग की गाढवपणा मामाचा होता, पोरीचा नव्हता. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. बाकीचं मला सांगायचं होतं म्हणून सांगितलं.

आणखी ता. क. मामा, मी अंजना. शिरसाष्टांग नमस्कार. वरचं आबांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं, एक शिवीही गाळली नाही. आता माझं ऐका.

होकार आला आहे. आज सकाळी आबा गोठ्यात होते तेव्हा नेमिनाथअण्णा स्वतः पहिल्या गाडीनं निरोप घेऊन आले. पत्र चालू होतं तेवढा वेळ ते माजघरात आईजवळ बसून होते आणि तोंडात उपरणं कोंबून हसत होते. मी आबांना सांगायला निघाले, तर आई म्हणाली, ‘आदी त्येंचं पत्र सरू दे. मधीच आनंद झाला तर शिव्या पोटात ऱ्हातील, आन् मग जल्मभर मला ऐकाव्या लागतील.’

अण्णांनी जे सांगितलं ते तुम्ही बसून वाचा. त्यांनी, म्हणजे हिंदुरावांनी, पहिल्या घासालाच ओळखलं. तुमच्या मेसमध्ये ते दोन वर्षं होते आणि दर रविवारी हेच ताट त्यांच्यापुढे यायचं. तुम्ही शेजारी उभं राहून विचारायचा, ‘कसं काय झालंय साहेब?’ इतक्या जुन्या सुभेदाराला नाव कोण ठेवणार, म्हणून सगळे साहेब म्हणायचे, ‘फर्स्ट क्लास.’ घरी गेल्यावर ते वडिलांना म्हणाले, ‘दोन वर्षं त्या परातीचं काय करावं ते आम्हाला कुणाला सुधरलं न्हाई. त्या पोरीला एका मिनिटात सुधरलं. ठरवून टाका.’ उशीर झाला तो फक्त नाथाजीराव मुहूर्त काढत होते म्हणून.

येत्या रविवारी सुपारी आहे. मामा म्हणून तुम्ही हवेतच, लग्नात माझ्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं. चुलीपाशी मात्र उभं राहायचं नाही, ही तिकडची एकच अट आहे. आणि येताना परातीबरोबर ते डबे दोन आणा. नानासोंवर उगाच आळ आला. चौथा डबा मला काल कडब्याच्या गंजीत सापडला, पुसून खाल्ल्यासारखा रिकामा, शेजारी खुरपं. कड फार वेडीवाकडी फुटली आहे, डाव्या हातानं फोडली असणार. मी कुणाला बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.

आता हे पेटीत टाकते आणि आबांना सांगायला जाते. ते अंगणात बोकडाला पाला घालत तुमच्याविषयीच काहीतरी सांगत बसले आहेत. सुपारीच्या जेवणाला रस्सा दारच्या बोकडाचाच हवा, असं नाथाजीरावांनी अण्णांकडून कळवलं आहे. ते अजून आबांनाही ठाऊक नाही आणि बोकडालाही नाही.

तुमची भाची
अंजना